तीन धावदोऱ्यांचं कुबस

हेब्बळ्ळीच्या बायका शिवलेलं काहीही हातात आलं की आधी उलटं करून बघतात. सरळ बाजू काय, कुणीही नटवील. शिवणारी कळते ती उलट्या बाजूनं. त्यात कसूतीचं भरतकाम म्हणजे फारच कठीण. गाठ मारायची नाही. कापडाची सूतं मोजत मोजत सुई पुढं न्यायची, एक घर भरायचं, एक सोडायचं, आणि शेवटाला पोचल्यावर त्याच वाटेनं मागं येताना सोडलेली घरं भरायची. धागा निघाला तिथं परत आला तर गोपूर दोन्हीकडून गोपूरच दिसतं. मोजताना एक सूत चुकलं, की धागा परक्या गावात रात्र झालेल्या माणसासारखा मध्येच अडकतो. नीलव्वा संकण्णवरची चोळी बायका एकदा उलटी करत, मग पुन्हा एकदा उलटी करत, आणि शेवटी तिलाच विचारत, "अक्का, यातली सरळ कुठली होती?"

नीलव्वा बसायची ओसरीच्या उजव्या कोपऱ्यात, पाय लांब सोडून, मांडीवर कापड. मशीन तिनं घरात कधी येऊ दिलं नाही. तिच्या हातून कायकाय निघे म्हणून सांगावं. गावात मूल जन्मलं की सात घरांच्या चिंध्या जोडून त्याला कुंची. नव्या नवरीला दारावरचं तोरण. म्हाताऱ्यांना पानाच्या चंच्या. स्वतःच्या नवऱ्याला, रुद्रप्पाला, तिनं एकदा सहा कप्प्यांची चंची शिवून दिली. पान एका कप्प्यात, सुपारी दुसऱ्यात, चुना तिसऱ्यात. तो बिचारा कट्ट्यावर बसून चुन्याचा कप्पा शोधायचा, आणि तो सापडेपर्यंत पंचायत उठून घरी गेलेली असायची. तरी चंची त्यानं सोडली नाही. कुणी हसलं तर म्हणायचा, "तुमच्या बायकोनं तुम्हाला एक तरी कप्पा शिवलाय का?"

पण नीलव्वाचं नाव झालं ते चोळ्यांमुळं, आणि चोळ्यांत नाव झालं ते मापामुळं. ती फीत लावायची नाही. बाईला नुसतं चालायला सांगायची. विहिरीपासून मारुतीपर्यंत जा आणि परत ये, बस. एका वर्षी जत्रेत धारवाडचा एक टेलरमास्तर मशीन घेऊन बसला होता. गळ्यात फीत, कानावर खडू. त्याला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, "चालीवरून बैल घेतात, चोळी नाही शिवत." मग काय, पैज लागली. गौडांच्या, म्हणजे गावच्या पाटलांच्या, बायकोला दोघांनी एकेक चोळी शिवायची. मास्तरानं नऊ ठिकाणी फीत लावली आणि शिवली. नीलव्वानं गौडतीला चालताना बघितली आणि शिवली. सकाळी दोन्ही चोळ्या सारख्याच बसल्या. मास्तर म्हणाला, "बरोबरी झाली." नीलव्वा म्हणाली, "थांबा की. अजून जेवण कुठं झालंय?" दुपारी होळिगेचं, म्हणजे पुरणपोळीचं, जेवण झालं, आणि मास्तराच्या चोळीची गाठ सोडून गौडतीला बसावं लागलं. "मास्तर," नीलव्वानं सांगितलं, "तुम्ही बाईला उपाशीपोटी मोजलीत. चोळी ती जेवल्यावरही घालते." मास्तर चांगला माणूस निघाला. पुढं दर जत्रेला तो आधी तिच्या ओसरीवर येऊन चहा पिऊन मग मशीन उघडायचा.

अशी ही नीलव्वा. तिला मूलबाळ नव्हतं. समोरच्या घरातली कस्तूरी सहा वर्षांची असताना तिची आई गेली, बाप गिरणीच्या कामाला हुबळीला गेला आणि तिथंच त्यानं दुसरा संसार मांडला. पोरगी आजीकडं राहिली म्हणायचं, पण जेवली, झोपली, रुसली ती नीलव्वाच्या ओसरीवर. न्हाण आलं तेव्हा पहिली चोळी नीलव्वानं शिवली. लग्न मोरबच्या होंबळांच्या घरी झालं, तेव्हा पाठवणीला मागं उभी राहिली ती नीलव्वाच. लग्नात आजी होती. सहा महिन्यांत तीही गेली, आणि समोरच्या घराला कुलूप लागलं.

त्या कुलपाची गोष्ट मोरबला पोचली, आणि तिथून पुढं सगळं सुरू झालं.

कस्तूरीला दिवस गेले. सातव्या महिन्यात कुबस करायचं ठरलं. म्हणजे आपल्याकडं जसं डोहाळजेवण, तसं. फक्त तिथं मान असतो तो माहेरच्या चोळीला. हिरवी साडी, हिरवी काकणं सगळं येतं, पण माहेरून शिवून आणलेली चोळी पाच सवाष्णींसमोर पोरीच्या अंगात घातली, गाठ मारली, की मगच ओटी. त्या चोळीलाच कुबस म्हणतात. आणि कुबस झालं की पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते.

निरोप घेऊन आला कस्तूरीचा नवरा, विरुपाक्षी. लाजरा मुलगा, सायकल लावून ओसरीच्या कडेला अर्ध्या मांडीवर टेकला. नीलव्वानं पुढ्यात गिरमिटाची ताटली ठेवली. तो चिरमुरे एकेक करून उचलायला लागला.

"असे खाल्लेस तर दिवाळी होईल," रुद्रप्पा म्हणाला. "काय ते सांग, मग मूठ भरून खा."

"अव्वा म्हणाली, कुबसाला या. पोटभर जेवा." तो थांबला. "आणि जा म्हणाली. बाळंतपण आमच्याकडंच करणार. म्हणाली, ज्या घराला कुलूप आहे तिथं पोर पाठवून काय करू."

"आणि कस्तूरी काय म्हणते?"

विरुपाक्षीनं ताटलीकडं बघितलं. "ती काही म्हणत नाही. गोठ्यात जाऊन रडते. मला वाटतं तिला इथंच यायचंय."

नीलव्वानं सुई कापडात खोचली. "तुझी अव्वा चुकीचं बोलली नाही," ती म्हणाली. "रक्ताचं माहेर नाहीच तिला. पण कुबस मी आणणार. ते बघून मग काय ते ठरवा म्हणावं."

मुलगा गेल्यावर रुद्रप्पा चुना शोधत शोधत म्हणाला, "बोललीस झोकात. आता माप कुठून आणणार? पोरगी गेली तेव्हा काडीसारखी होती. सात महिन्यांची कशी चालते ते तुझ्या डोळ्यांनी बघितलंय का?"

हाच तर पेच. कुबसाआधी माहेरच्यांनी पोरीच्या सासरी जायचं नसतं. माप मागवावं, तर कस्तूरीची सासू गुरुसिद्धव्वा होंबळ म्हणणार, हीच का ती चालीवरून शिवणारी? आणि चोळी अंगात गेली नाही, किंवा गाठीची टोकं शेळीच्या कानांसारखी लोंबायला लागली, तर पाच सवाष्णी बघणार आणि पंधरा गावांत सांगणार. मग पोरगी कशाला येते माहेरी.

दोन दिवस नीलव्वाचे याच विचारात गेले. तिसऱ्या दिवशी गल्लीत मौलासाब काकणवाल्याची हाक आली. डोक्यावर पेटी, खांद्यावर काकणांच्या माळा. या माणसाच्या वाटेत पंधरा-वीस गावं, आणि मोरब त्यांतलंच एक. नीलव्वानं त्याला ओसरीवर बसवला, पाणी दिलं, शेंगा दिल्या, आणि मगच विचारलं.

"मोरबच्या होंबळांच्या सुनेला काकणं कुणी भरली?"

"मीच भरली की, मागच्या सोमवारी. हिरवी."

"किती नंबरची?"

"दोन-आठ."

नीलव्वाचे डोळे चमकले. लग्नात कस्तूरीला दोन-चारची काकणं बसली होती, ते तिला पक्कं आठवत होतं. तेव्हा भरतानाही एक फुटलं होतं. मनगट दोन घरं वाढलं म्हणजे दंड किती, बगल किती, छाती किती, याचा हिशोब तिनं बोटांवर मांडला. जिनं आयुष्यभर सूतं मोजली तिला मनगटावरून बाई उभी करायला कितीसा वेळ? गुळेदगुड्डचे दोन खण तिनं पेटीतून काढले, काठाला काठ जुळवला, आणि त्याच दुपारी कात्री चालवली. बाह्यांवर गोपुरं, पाठीवर रथ, रथाच्या दोन्ही बाजूंना पार बगलांपर्यंत हत्तींच्या रांगा. आठ दिवस ती जेवायला तेवढी उठत होती.

बाह्या झाल्या, पाठ झाली. बगला जोडायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात मौलासाब परतीच्या वाटेवर पुन्हा टेकला. रुद्रप्पाशी गप्पा मारता मारता म्हणाला, "पोटुशीला काकणं भरणं लई जोखमीचं हो. फुटून चालत नाही. म्हणून आम्ही नेहमी एक नंबर मोठीच भरतो. पुढं अंगावर सूज येते, तेव्हा त्रास नको."

नीलव्वाची सुई जिथं होती तिथंच राहिली.

"म्हणजे मोरबच्या पोरीचं मनगट दोन-सहाचं?" तिनं विचारलं.

"दोन-सहाचं. मी कुठं दुसरं काही म्हणालो?"

खरंच, त्यानं दुसरं काही म्हटलं नव्हतं. हिनंच विचारलं होतं काकणांचं, आणि धरलं होतं मनगटाचं. मौलासाब गेला. नीलव्वानं चोळी पसरली आणि बोटं ठेवून बघितली. दोन्ही बगलांखाली मिळून सहा बोटं जास्त.

"काप की," रुद्रप्पा म्हणाला. "जास्तीचं कापलं की झालं."

"कापलं तर दोन्हीकडचे हत्ती कापले जातील. सोंड इकडं, शेपूट कचऱ्यात."

"मग हत्ती बसवायचे कशाला होते एवढे कडेला?"

"मला विचारू नका. तुम्ही तुमचा चुना शोधा."

ती संध्याकाळ तिनं चोळी मांडीवर घेऊन नुसती काढली. शेजारची एक बाई म्हणून गेली, "अक्का, आज सुई हातात नाही?"  नीलव्वाच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. ही चोळी आज सैल आहे, पण पोरगी काय आजच्यापुरतीच आहे? आठव्यात ती आणखी भरणार, नवव्यात आणखी, आणि मूल झाल्यावर दूध उतरलं की चोळ्या सगळ्या बायकांना कमी पडतात. तेव्हा कुबस पेटीत जातं आणि पुन्हा निघतं ते मुलीच्या मुलीला दाखवायला.

सकाळी ती उठली ती ठरवूनच. जास्तीचं कापड तिनं कापलं नाही. दोन्ही बगलांखाली बोटाबोटाच्या तीन-तीन दुमडी घेतल्या आणि प्रत्येक दुमडीला एक धावदोरा घातला. दुमड दोन हत्तींच्या मधोमध अशी धरली की ती मिटली की दोन हत्ती जवळ यावेत, आणि उघडली की मधे वाट दिसावी. धावदोरा कसूतीसारखाच, गाठ नसलेला. खालच्या टोकाला फासा ठेवून अडवलेला, वरचं टोक मोकळं. खालून ओढला की सरळ निघून हातात येणार. वरून ओढला तर कापड गोळा होणार आणि रुसणार. सगळं झाल्यावर तिनं चोळी उलटी केली, हात फिरवला, आणि रुद्रप्पापुढं धरली.

रुद्रप्पानं ती दोनदा उलटी करून बघितली. "यातली सरळ कुठली?" त्यानं विचारलं. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यानं पहिल्यांदाच विचारला होता.

कुबसाच्या दिवशी दोघं नवलगुंदच्या बसनं मोरबला उतरली. होंबळांच्या अंगणात मांडव, चुलींवर कडबू उकडत होते. गुरुसिद्धव्वा उंच बाई, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज असा की गोठ्यातली म्हैस मान वळवायची. तिनं रीतीनं पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला, आणि बोलली ते रीतीबाहेर.

"आलात विहीणबाई? बरं झालं. कुलपाच्या घराची किल्ली आणलीत का?"

"किल्ली हिच्याकडं नाही हो," रुद्रप्पाच पुढं झाला. "माझ्या चंचीत असेल. पण सापडेपर्यंत तुमचं जेवण होऊन जाईल."

दोन बायका हसल्या. गुरुसिद्धव्वा हसली नाही.

कस्तूरीला पाटावर बसवलं. ती नीलव्वाकडं बघायचं टाळत होती. बघितलं तर रडू येईल, हे तिला ठाऊक असावं. नीलव्वानं गाठोडं सोडलं आणि कुबस बाहेर काढलं. पहिल्या सवाष्णीनं घेतलं, उलटं केलं. दुसरीनं घेतलं, पुन्हा उलटं केलं. पाचव्या हातात जाईपर्यंत सरळ बाजू कुठली हे कुणालाच सांगता येईना. मग कस्तूरीच्या अंगात घातलं, पुढं गाठ मारली. दंडाला बाही अशी बसली की काकण सरकावं एवढीच जागा. गाठ छातीखाली नीट टेकली. एक म्हातारी पुटपुटली, "जशी अंगावरच विणली."

आता ओटी भरायची. पण गुरुसिद्धव्वा पुढं आली. तिनं चोळीच्या गोपुरांना हात लावला नाही, रथाला लावला नाही. सरळ पोरीच्या बगलेखाली बोटं घातली, आणि दोन बोटांत कापड धरून चाचपलं.

"इथं जाड लागतं," ती म्हणाली. "कापड दाबलंय आत. माप चुकलं होतं का?"

सगळ्यांचे डोळे नीलव्वाकडं. कस्तूरीनं पदर तोंडाशी धरला. इथं कुणीही म्हणालं असतं, नाही हो, मुद्दामच ठेवलंय. आणि ते खोटंही ठरलं नसतं. 

"चुकलं," नीलव्वा म्हणाली. "पोरीला बघितलं नव्हतं. काकणवाल्याला काकणाचा नंबर विचारला आणि तो मनगटाचा समजून कात्री चालवली. सहा बोटं जास्त गेली. माझ्या जन्मात एवढं कधी चुकलं नव्हतं."

मांडवात कुजबुज झाली.

"मग कापायचं होतं."

"हत्ती कापले असते. आणि पोरगी अजून वाढायची आहे. म्हणून चुकीलाच कामाला लावली." तिनं कस्तूरीचा हात वर धरायला लावला आणि दुमडी दाखवल्या. "या तीन आहेत. हा पहिला धावदोरा सातवा सरला की काढायचा. हा आठवा सरला की. आणि हा तिसरा मूल झाल्यावर, दूध उतरलं की. तोवर दुसरी चोळी शिवायला नको."

गुरुसिद्धव्वा खाली वाकली. पाच मुलं वाढवलेली बाई. आठव्यात चोळी कुठं टोचते हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं वरचं टोक पकडलं आणि हलकेच ओढून बघितलं. कापड गोळा झालं.

"ते नाही," नीलव्वा म्हणाली. "खालचं. वरून ओढलं की रुसतं."

"तुझ्यासारखंच आहे म्हणायचं," गुरुसिद्धव्वा म्हणाली. विहिणीला तिनं एकेरीत हाक मारली होती, आणि ते कुणालाच खटकलं नाही. तिनं गोळा झालेलं कापड बोटांनी सरळ केलं. मग एकेक दुमड बोटानं मोजली.

"तिसरा दोरा कोण काढणार?" तिनं विचारलं.

"जिच्याकडं पोरगी असेल ती."

"मला सुईत दोरा ओवता येत नाही आता. डोळे गेले." ती उठली, गुडघ्यावर हात टेकून. "हे बघ. पहिला दोरा मी काढणार. सातवा महिना माझ्या घरात सरणार, तो माझा हक्क आहे. उरलेले दोन तुझे. ज्यानं घातले त्यानंच काढावेत. विरुपाक्षी, आठवा लागला की हिला हेब्बळ्ळीला सोडून ये. आणि तुम्ही सगळ्या काय बघताय, ओटी भरा."

कस्तूरी आता रडली, पण गोठ्यात नाही, भर मांडवात, आणि नाक नव्या साडीच्या पदराला पुसलं म्हणून सासूची बोलणी खाल्ली.

त्या दिवशी कडबू नीलव्वानं किती खाल्ले, हे रुद्रप्पा पुढं वर्षभर गावाला सांगत होता. दर वेळी आकडा एकानं वाढत होता.

आठवा लागला, आणि पहिल्याच गुरुवारी दुपारची बस गावच्या वेशीत थांबली. विरुपाक्षी बोचकी घेऊन उतरला, मागून कस्तूरी, आणि तिच्या मागून, कुणी बोलावलेलं नसताना, गुरुसिद्धव्वा. ओसरीवर येऊन ती टेकली आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाली, "उजवीकडचा नीट निघाला. डावीकडचा मात्र मी कुठल्या टोकानं ओढला देव जाणे."

नीलव्वानं कस्तूरीला उंबऱ्यातच उभी केली आणि हात वर धरायला लावला. डाव्या बगलेखाली दोन हत्ती एकमेकांच्या अंगावर चढले होते. कस्तूरीला हसू आलं. हसल्यावर पोट हललं, आणि हत्तीही हलले.

"हलू नकोस," नीलव्वा म्हणाली, आणि सुईच्या टोकानं अडकलेलं सूत शोधायला लागली. गुरुसिद्धव्वा शेजारी सरकून बसली आणि यावेळी नीट बघत राहिली.